ऐकावे कोणाचे?



'मुलगा ऐकत नाही' असे आई म्हणते तेव्हा मुलाच्या कानात दोष आहे असे तिला म्हणायचे नसते. त्याला सगळे ऐकू येते, पण तो त्याप्रमाणे करत नाही. ऐकणे आणि आज्ञा पाळणे या दोन्हींसाठी आपण मराठी माणसे एकच शब्द वापरतो. जुन्या कराराची हिब्रू भाषाही असेच करते. तिच्यातील 'शमा' या शब्दाचा अर्थ ऐकणे असा आहे आणि ऐकल्याप्रमाणे वागणे असाही आहे. म्हणजे देवाची आज्ञा पाळण्याचा प्रश्न हा मुळात 'मी कोणाचे ऐकतो?' हाच प्रश्न आहे. आज तो स्वतःला विचारण्याची गरज आहे, कारण आपल्या घरात, आपल्या मोबाइलवर आणि प्रार्थनासभांत देवाच्या नावाने बोलणारे आवाज पुष्कळ झाले आहेत.

यासाठी जुन्या करारातील एक गोष्ट तुमच्यासमोर ठेवतो. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या १३ व्या अध्यायात ती आहे. रविवारच्या मिस्सेच्या वाचनांत ती येत नाही, त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांनी ती ऐकलीही नसेल. घरी गेल्यावर बायबल उघडून ती जरूर वाचा.

शलमोन राजाच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ९३० च्या सुमारास, त्याचे राज्य दुभंगले. दक्षिणेकडे यहुदाचे राज्य राहिले आणि यरुशलेमचे मंदिर त्याच्याकडे गेले. उत्तरेकडे इस्राएलचे राज्य झाले आणि यराबाम त्याचा राजा झाला. यराबामला एक भीती होती. आपली प्रजा सणासाठी यरुशलेमला जात राहिली तर तिचे मन हळूहळू तिकडच्या राजाकडे वळेल, असे त्याला वाटले. म्हणून त्याने सोन्याची दोन वासरे केली. एक बेथेलला ठेवले, दुसरे दान येथे. लोकांना त्याने सांगितले की यरुशलेमपर्यंत जाण्याचा त्रास आता पुरे झाला, तुम्हाला मिसर देशातून बाहेर काढणारा देव हा इथेच आहे. त्याने आपल्या मर्जीचे याजक नेमले आणि आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी आपल्या मनाने ठरवलेला सणही सुरू केला.

खोटी शिकवण कशी येते ते इथे नीट पाहा. 'देव नाही' असे यराबाम म्हणाला नाही. देवाचे नाव त्याने जुनेच ठेवले, आठवणही जुनीच ठेवली, फक्त मूर्ती नवी दिली आणि वाट सोपी करून दिली. लोकांना तेच हवे होते.

अशा वेळी यहुदातून एक देवमाणूस बेथेलला आला. बायबल त्याचे नावही सांगत नाही. राजा वेदीपाशी धूप जाळत उभा असताना या माणसाने वेदीला उद्देशून देवाचा शब्द सांगितला. दाविदाच्या घराण्यात योशीया नावाचा पुत्र जन्मेल आणि तो या वेदीचा विध्वंस करील, असा तो शब्द होता. राजाने चिडून 'धरा त्याला' म्हणत हात पुढे केला आणि तो हात तिथल्या तिथे वाळून गेला. मग राजाने विनवणी केली, देवमाणसाने प्रार्थना केली आणि हात बरा झाला. राजा खूष झाला. घरी या, विश्रांती घ्या, जेवा, मी तुम्हाला भेटही देतो, असे तो म्हणाला. देवमाणसाने ठाम नकार दिला. राजाने अर्धे घर दिले असते तरी तो गेला नसता, कारण देवाची त्याला स्पष्ट आज्ञा होती. तिथे भाकर खायची नाही, पाणी प्यायचे नाही आणि आलेल्या वाटेने परत जायचे नाही. तो दुसऱ्या वाटेने निघाला. इथपर्यंत सगळे उत्तम झाले.

बेथेलमध्ये एक म्हातारा संदेष्टा राहत होता. त्याच्या मुलांनी घडलेली सगळी हकिगत त्याला सांगितली. त्याने गाढवावर खोगीर घालायला लावले आणि तो त्या देवमाणसाच्या मागे निघाला. देवमाणूस वाटेत एका मोठ्या झाडाखाली बसलेला त्याला सापडला. म्हाताऱ्याने त्याला घरी जेवायला बोलावले. देवमाणसाने राजाला दिले होते तेच उत्तर दिले. तेव्हा म्हातारा म्हणाला की मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, आणि देवाच्या आज्ञेने एका देवदूताने मला सांगितले आहे की तुला घरी आणून जेवू घालावे. बायबल पुढे लगेच सांगते की तो खोटे बोलत होता.

देवमाणूस उठला, त्याच्या घरी गेला, जेवला, पाणी प्यायला. ते ताटावर बसलेले असतानाच देवाचा खरा शब्द त्या म्हाताऱ्याच्या तोंडून आला. तू देवाची आज्ञा मोडलीस, तुझे प्रेत तुझ्या पूर्वजांच्या कबरेत जाणार नाही. परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला गाठले आणि मारून टाकले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिले तेव्हा प्रेत रस्त्यात पडले होते. एका बाजूला गाढव उभे होते आणि दुसऱ्या बाजूला सिंह. सिंहाने प्रेत खाल्ले नव्हते, गाढवालाही हात लावला नव्हता. म्हातारा स्वतः गेला, प्रेत गाढवावर घालून घेऊन आला आणि आपल्या स्वतःच्या कबरेत त्याने ते ठेवले. भाऊ गेल्यासारखा तो रडला.

गोष्ट कठोर आहे. खोटे बोलला तो म्हातारा वाचला आणि फसला तो मेला, हा कुठला न्याय, असे तुम्ही विचाराल. मीही पुष्कळदा विचारले आहे. बायबल त्याचे उत्तर देत नाही. पण फसलेल्या माणसाला देवाने टाकून दिले नाही, हे त्या भुकेल्या नसलेल्या सिंहावरून कळते. आणि म्हाताऱ्याला आपल्या खोटेपणाचे फळ स्वतःच्या हातांनी उचलून आणावे लागले. ही शिक्षा मला लहान वाटत नाही.

आता आपण आपल्याकडे वळू या. हा माणूस राजापुढे डगमगला नाही, मग म्हाताऱ्यापुढे का पडला? राजा उघड शत्रू होता. त्याच्या आमंत्रणात सापळा असणार हे कोणालाही कळले असते. म्हातारा मात्र आपल्यातलाच होता, वयाने मोठा, धर्माचा माणूस, देवदूताचे नाव घेणारा. शिवाय सकाळपासून पोटात काही नव्हते आणि तो जे सांगत होता ते भुकेल्या पोटाला हवेच होते. त्या झाडाखाली एकच गोष्ट करायची राहून गेली. 'देवाने मला एक सांगितले आणि आता हा देवाच्याच नावाने उलटे सांगतो आहे. देव असा आपला शब्द फिरवील का? त्यालाच विचारतो,' असे तो म्हणाला नाही. देव त्याच्याशी आधी बोललेला होता. पुन्हा विचारायला फक्त डोळे मिटायचे होते.

बंधू-भगिनींनो, चर्चला शिव्या देणाऱ्या माणसामुळे आपल्या धर्मग्रामातील कोणाची श्रद्धा गेल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. धोका येतो तो हातात बायबल घेऊन, 'देवाने मला दाखवले' असे म्हणत, आणि बहुधा आपण थकून झाडाखाली बसलेले असतो तेव्हा. घरात आजारपण असते, मुलाला नोकरी नसते, लग्न जमत नसते, कर्ज डोक्यावर असते. अशा वेळी माणूस कोणाचेही ऐकतो.

काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट मी आजवर व्यासपीठावरून सांगितलेली नाही, ती आज लिहितो. तेव्हा मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथे एका घरी दर आठवड्याला प्रार्थना होत असे. बाहेरून एक गृहस्थ यायचे. सुंदर बोलायचे, बायबलचे अध्याय त्यांना पाठ होते, गर्दीही चांगली जमायची. मिस्सेला कधी न येणारे तरुणही तिथे जात. मला समाधान वाटायचे. ते काय शिकवतात हे मी एकदाही जाऊन ऐकले नाही. त्या प्रार्थनेला एक मावशी जात असत. त्यांना शुगर होती, रोज इन्सुलिन घ्यावे लागे. एके दिवशी त्यांना सांगण्यात आले की देव तुला बरे करणार आहे असे मला दाखवले गेले आहे, सुई टोचत राहिलीस तर तुझा विश्वास अपुरा आहे. मावशींनी इन्सुलिन बंद केले. घरी कोणाला सांगितले नाही. पायाला लहानशी जखम झाली, ती चिघळली. मुलगा माझ्याकडे धावत आला तेव्हा त्या इस्पितळात होत्या. जीव वाचला, पण पायाची तीन बोटे काढावी लागली.

मी भेटायला गेलो. मला वाटले त्या त्या गृहस्थांवर रागावतील, नाहीतर देवावर. त्या मला हळूच म्हणाल्या, "फादर, ते बायबल हातात घेऊनच बोलत होते. आणि तुम्हाला सगळे ठाऊक आहे, तुम्ही काही म्हणत नाही, म्हणजे बरोबरच असेल असे मला वाटले."

त्या वाक्याचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते, आजही नाही. गर्दी पाहून मी खूष होतो. मीही त्या झाडाखालीच बसलो होतो.

त्या दिवशी मावशींना जे सांगायला हवे होते ते आता सांगतो. आपल्या कॅथलिक बायबलमधील बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय उघडा. वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले, आणि जमिनीतून औषधे उगवतात तीही देवाचीच निर्मिती आहे, असे तिथे सांगितले आहे. आजारपणात देवाची प्रार्थना करा, पापापासून दूर व्हा आणि मग वैद्यालाही त्याची जागा द्या, असा तिथला क्रम आहे. प्रार्थना आणि औषध यांत भांडण नाही. सन २००० मध्ये व्हॅटिकनने आरोग्यदानाच्या प्रार्थनांविषयी खास सूचना काढल्या. त्यांवर सही होती कार्डिनल रॅट्झिंगर यांची, जे २००५ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. आजाऱ्याने बरे होण्यासाठी देवाला विनवावे हे चांगले आणि मानवी आहे, आणि त्या प्रार्थनेमुळे उपचार नाकारले जात नाहीत, उलट ते घेण्यास प्रोत्साहनच मिळते, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. संत याकोबाच्या पत्राला अनुसरून आजाऱ्यांना तैलाभ्यंग देणारी आपली ख्रिस्तसभा शतकानुशतके इस्पितळेही चालवत आली आहे. तेव्हा 'गोळ्या सोड म्हणजे विश्वास दिसेल' असे जो सांगतो तो देवाच्या नावाने बोलत असला तरी देवाचा शब्द सांगत नाही.

मग खरे-खोटे ओळखायचे कसे? आपण काही धर्मपंडित नाही, असे तुम्ही म्हणाल. त्यासाठी पंडित व्हावे लागत नाही. तीन साधे प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : देवाने आधी जे सांगितले आहे त्याच्याशी हे जुळते का? संत पौलाने गलतीच्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना पहिल्याच अध्यायात बजावले आहे की तुम्हाला मिळालेल्या शुभवर्तमानाहून वेगळे काही आम्ही स्वतः सांगितले किंवा स्वर्गातील दूताने येऊन सांगितले, तरी ते स्वीकारू नका. 'देवदूताने सांगितले' हे बेथेलच्या म्हाताऱ्याचे वाक्य पौलाने जणू आधीच ओळखले होते. आणि पौलाने त्या यादीत स्वतःलाही घातले आहे, हे विसरू नका. कोणाला दर्शन झाले, कोणाला स्वप्न पडले, तरी ख्रिस्ताद्वारे मिळालेल्या प्रकटीकरणात त्याने भर पडत नाही, अशीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ख्रिस्तसभेने मान्य केलेली दर्शनेसुद्धा आपल्याला त्याच शुभवर्तमानाकडे परत नेतात.

दुसरा प्रश्न : यातून फायदा कोणाचा? शिकवणाऱ्याचा खिसा भरतो का, त्याचा मान वाढतो का? तो तुम्हाला मिस्सेपासून, घरच्यांपासून, शेजाऱ्यांपासून तोडतो का? 'हे फादरांना सांगू नका, नवऱ्याला सांगू नका' असे म्हणतो का? प्रभू येशूने जे शिकवले ते मंदिरात आणि सभास्थानात, चारचौघांत शिकवले. देवाच्या शब्दाला लपण्याची गरज पडत नाही.

तिसरा प्रश्न : याचे फळ काय? खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखा, असे प्रभूने मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात सांगितले. या शिकवणुकीने घरात प्रेम, क्षमा, शांती वाढली की भीती वाढली? 'हा मेसेज बारा जणांना पाठवा, नाहीतर संकट येईल' असे मोबाइलवर येते. पूर्वी हेच झेरॉक्सच्या कागदावर यायचे. असल्या धमक्यांना देवाची प्रार्थना म्हणता येत नाही. तो मेसेज पुसून टाका आणि त्या वेळात एक 'हे आमच्या बापा' म्हणा. जगाच्या अंताची तारीख सांगणारे येतात. ती तारीख बापाशिवाय कोणालाही ठाऊक नाही, असे प्रभू येशूने स्वतः सांगून ठेवले आहे.

हे तिन्ही प्रश्न माझ्याही बाबतीत विचारा. केस पांढरे झाले आणि अंगावर झगा आहे म्हणून मी जे बोलेन ते सगळे देवाचे, असे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले की ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकारसुद्धा देवशब्दाच्या वर नाही, तो देवशब्दाची सेवा करण्यासाठी आहे. म्हणून आपण ख्रिस्तसभेचे ऐकतो ते तिने आपल्याला देवाचे ऐकवावे यासाठी. माझे एखादे प्रवचन शुभवर्तमानाशी जुळत नाही असे वाटले तर मिस्सेनंतर मला गाठा. मी रागावणार नाही. आणि आपल्या धर्मग्रामात कोणाच्या घरी प्रार्थना होणार असेल तर मला जरूर बोलवा. मी येऊन मागच्या बाकावर बसेन आणि ऐकेन.

एक गोष्ट मात्र राहते. खोटे ओळखता आले म्हणजे झाले असे नाही. मत्तयच्या त्याच अध्यायात प्रभू पुढे म्हणतो की 'प्रभू, प्रभू' म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही, पित्याची इच्छा पाळणारा जाईल. त्या देवमाणसाला देवाची आज्ञा पाठ होती. ती त्याने राजाला शब्दशः सांगितली, म्हाताऱ्यालाही सांगितली. फक्त ती पाळणे त्याने जेवणाच्या आधी थांबवले. आपणही पंथवाल्यांच्या चुका मोजत बसतो आणि शेजारच्या भावाशी बांधाच्या वादावरून दहा वर्षे बोलत नाही. क्षमा करा, ही आज्ञा आपल्याला पाठ आहे. ती कुठल्या खोट्या संदेष्ट्याने पुसली? आपणच आपल्या सोयीचा देवदूत उभा केला आणि त्याच्याकडून सवलत घेतली.

आपल्या प्रभूकडे पाहा. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर रानात तोही भुकेला होता. त्यालाही भाकरीचाच मोह घातला गेला आणि पुढे तर सैतानाने स्तोत्रसंहितेचे वचनच तोंडावर फेकले, देवदूतांचे नाव घेऊन. प्रभू येशूने काय केले? पित्याने आधी जे सांगितले होते तेच धर्मशास्त्रातून त्याने पुन्हा सांगितले आणि त्यावर तो उभा राहिला. त्या झाडाखाली जो पडला त्याच्या जागी ख्रिस्त उभा राहिला. गेथसेमनी बागेत घाम गाळीत त्याने पित्याची इच्छा आपल्या इच्छेवर ठेवली आणि क्रुसावरील मरणापर्यंत तो आज्ञाधारक राहिला. आपले तारण त्या ऐकण्यामुळे झाले. म्हणून आपण एकदा फसलो, एकदा चुकलो, तर सगळे संपले असे नाही. आपल्यासाठी पूर्ण ऐकणारा एक जण आहे आणि आज मिस्सेत तो स्वतःची भाकर आपल्या हातावर ठेवतो. ही भाकर खाण्याची आज्ञा खुद्द त्याचीच आहे.

शेवटी त्या गोष्टीचे पुढे काय झाले ते सांगतो. सुमारे ३०० वर्षांनी यहुदात खरोखर योशीया नावाचा राजा झाला. त्याने बेथेलची वेदी मोडली आणि तिथल्या कबरींतील हाडे काढून वेदीवर जाळली. एका कबरीपाशी त्याने विचारले की ही कोणाची? यहुदातून आलेल्या देवमाणसाची, असे गावकऱ्यांनी सांगितले. त्याच्या हाडांना हात लावू नका, असा हुकूम राजाने दिला. त्या म्हाताऱ्या संदेष्ट्याची हाडेही त्याच कबरेत होती. 'मला त्याच्याशेजारीच पुरा, त्याने सांगितलेला देवाचा शब्द खरा होणार आहे,' असे त्याने मरताना मुलांना सांगून ठेवले होते. राजे गेले, वासरे गेली, सांगणारा चुकला, फसवणारा पस्तावला, पण देवाचा शब्द तीनशे वर्षे जागचा हलला नाही.

या आठवड्यात एकच करू या. रोज रात्री रोझरीनंतर पाच मिनिटे शुभवर्तमानाचा एक उतारा घरात मोठ्याने वाचा, मुलांकडून वाचून घ्या. आपल्या मेंढपाळाचा आवाज ज्याच्या कानात रोज पडतो त्याला परका आवाज लगेच ओळखू येतो.

हे प्रभू येशू, आम्ही थकून वाटेत बसतो तेव्हा आम्हाला तुझा आवाज ओळखू दे. जे आम्हाला ठाऊक आहे ते पाळण्याचे बळ दे. आमच्यातील जे फसले आहेत त्यांना घरी आण, आणि ज्यांनी त्यांना सावध करायचे होते त्या आम्हाला क्षमा कर. आमेन.

तुमचा सेवक,
प्रमुख धर्मगुरू